चित्र एक, ओळी अनेक

पाथर्डी तालुक्यांतील मढी येथें रंगपंचमीच्या सुमारास कानिफनाथांची यात्रा भरते आणि त्या यात्रेंत गाढवांचा बाजार असतो, हें महाराष्ट्रांत पुष्कळांस ठाऊक आहे. त्या बाजारांत कोणा हौशी तरुणानें एक छायाचित्र घेतलें, अशी कल्पना करावी. चित्रांत एक वृद्ध मनुष्य आहे. त्याच्या हातीं दोर आहे. दोराच्या दुसऱ्या टोकास गाढव आहे. आणि दोघेहि सारख्याच गंभीर मुद्रेनें कॅमेऱ्याकडे पाहत आहेत. हें छायाचित्र गांवच्या व्हॉट्सॲप समूहावर येतें व त्याखालीं सूचना येते : "या चित्रास समर्पक ओळ सुचवा. उत्कृष्ट ओळीस बक्षीस." पांच मिनिटांत पहिली ओळ येते : "या दोघांपैकीं विकावयाचा कोण?" समूहांतील दोनशें माणसें हसतात. त्या दोनशें माणसांत त्या वृद्धाचा नातूहि असतो. तो हसत नाहीं.

ऑनलाइन स्पर्धा कशा चालवाव्यात या प्रश्नाचें मर्म या लहानशा प्रसंगांत आहे. ज्यानें ओळ लिहिली तो दुष्ट नव्हता. ज्यांनीं हसून दाद दिली तेहि नव्हते. चूक झाली ती स्पर्धा मांडण्यांत. चित्रांतील माणसाची संमति कोणी विचारली नव्हती. ओळी सर्वांसमोर उघड्या येत होत्या. आणि परीक्षक कोण व त्याची कसोटी कोणती, हें ठरलेलेंच नव्हतें. मोठ्या शहरांत अनोळखी चेहऱ्यावर केलेला विनोद हवेंत विरून जातो. तालुक्याच्या गांवीं चेहऱ्यास नांव असतें, नांवास घर असतें आणि घरास शेजार असतो. म्हणून येथें अशा स्पर्धेचे नियम ठरवितांना शेजारधर्म आधीं आठवावा लागतो.

या स्पर्धा मुख्यतः दोन प्रकारच्या असतात. पहिल्या प्रकारांत चित्र कायम राहतें आणि शब्द बदलतात. हिला चित्रओळ-स्पर्धा म्हणावें. दुसऱ्या प्रकारांत सर्वांना एकच मूळ छायाचित्र किंवा एकच विषय दिला जातो आणि प्रत्येकानें आपल्या कल्पनेप्रमाणें त्या चित्रावर संस्कार करावयाचे असतात : छाया-प्रकाश सुधारावयाचा, अनावश्यक भाग कातरावयाचा, दोन चित्रें जोडून तिसरें करावयाचें. हिला चित्रसंपादन-स्पर्धा म्हणतां येईल. दोहोंस खर्च जवळजवळ नाहीं, साधनें हल्लीं प्रत्येकाच्या खिशांत आहेत, आणि सहभागी होण्यास एका ठिकाणीं जमण्याची गरज नाहीं.

ही शेवटची गोष्ट पाथर्डीसारख्या तालुक्यास विशेष महत्त्वाची आहे. पूर्वीच्या अहमदनगर व आतांच्या अहिल्यानगर जिल्ह्यांतील हा भाग अवर्षणप्रवण आहे. दसरा-दिवाळी झाली कीं येथील कित्येक कुटुंबें ऊसतोडीसाठीं कारखान्यांच्या वाटेला लागतात. शिकलेलीं मुलें पुण्या-मुंबईस नोकरी धरतात. गांव वर्षांतून फार थोडे दिवस पुरतें गांवांत असतें. मढीची यात्रा आणि मोहटादेवीचें नवरात्र हे एकत्र येण्याचे प्रसंग होत. एरवीं गांवाची ओटी-पडवी म्हणजे मोबाइलचा पडदा. त्या पडद्यावर नुसत्या 'शुभ सकाळ'च्या फुलांची देवघेव होण्यापेक्षां आपल्याच मातीच्या चित्रांवर चार माणसांनीं डोकें चालवावें, हें केव्हांहि चांगलें.

असें करणारे पाथर्डीकर पहिले ठरणार नाहींत. १९९६ सालीं गणेशचतुर्थीस अमेरिकेंतून सुरू झालेल्या 'मायबोली' या संकेतस्थळानें देशोदेशींच्या मराठी कुटुंबांना एकत्र आणलें. तेथील गणेशोत्सवांत पाककृति व लेखन यांच्या जोडीनें प्रकाशचित्रांचेहि खेळ झाले. पत्त्यांच्या डावावरून त्यांपैकीं एकास 'झब्बू' असें गमतीचें नांव मिळालें : विषय ठरावयाचा, एकानें त्यावरील आपलें चित्र टाकावयाचें, आणि त्यावर दुसऱ्यानें आपलें चित्र टाकून झब्बू द्यावयाचा. या खेळांत हरणारा कोणी नसतो. बक्षीस नसतांनाहि लोक खेळतात, ही त्यापासून घेण्यासारखी पहिली शिकवण होय.

दुसरें उदाहरण दूरचें आहे. अमेरिकेंतील 'न्यू यॉर्कर' हें साप्ताहिक आपल्या व्यंगचित्रांबद्दल प्रसिद्ध आहे. त्यानें १९९९ सालीं वर्षांतून एकदां आणि २००५ पासून दर आठवड्यास एक ओळ-विरहित व्यंगचित्र छापून वाचकांकडून ओळी मागविण्यास आरंभ केला. आलेल्या ओळींतून तीन निवडावयाच्या आणि त्या तिहींत श्रेष्ठ कोणती तें वाचकांनीं मतें देऊन ठरवावयाचें, अशी त्याची पद्धति. जाणत्यांची निवड व लोकांचें मत या दोहोंस तींत जागा आहे. केवळ लोकमतावर निकाल सोडला तर चांगल्या ओळीऐवजीं मोठें भाऊबंद असलेला मनुष्य जिंकतो. केवळ परीक्षकांवर सोडला तर लोकांचा रस आटतो.

तिसरें उदाहरण 'विकी लव्ह्ज मॉन्युमेंट्स' या स्मारकांच्या छायाचित्र-स्पर्धेचें. २०१० सालीं नेदरलंड्समध्यें तिचा आरंभ झाला. दुसऱ्याच वर्षीं, ती युरोपांत पसरली असतां, तींत १,६८,२०८ छायाचित्रें आलीं. २०१२ सालीं भारत तींत सामील झाला आणि त्या वर्षींचें जागतिक प्रथम पारितोषिक दिल्ली येथील सफदरजंगाच्या कबरीच्या छायाचित्रास मिळालें. तिचे नियम थोडे पण नेमके आहेत : छायाचित्र स्वतः काढलेलें हवें, तें कोणत्या स्मारकाचें हें सांगितलेलें हवें, आणि तें कोणालाहि वापरतां येईल अशी मोकळीक दिलेली हवी. त्यामुळें स्पर्धा संपते, पण चित्रें सर्वांच्या उपयोगासाठीं शिल्लक राहतात.

आतां चित्रओळ-स्पर्धेची बांधणी पाहूं जातां, पहिलें काम चित्राच्या निवडीचें. सुंदर चित्र आणि ओळीस योग्य चित्र हीं निराळीं. डोंगराआड मावळणाऱ्या सूर्याच्या चित्रास 'वाहवा' मिळते, ओळ मिळत नाहीं. कारण त्यांत कांहीं सांगावयाचें उरलेलें नसतें. उलट एस. टी.च्या रांगेंत उभी राहिलेली एखादी शेळी, किंवा नवरात्रांतील ढोलांच्या गजरांत बापाच्या खांद्यावर गाढ झोपलेलें मूल, हीं चित्रें पाहतांच मनांत प्रश्न उभा राहतो. दोन विसंगत गोष्टी एका चौकटींत आल्या कीं ओळीस जागा होते. शि. द. फडणीस यांच्या 'हसरी गॅलरी'तील चित्रें शब्दांवांचून हसवितात. अशा स्वयंपूर्ण चित्रास ओळ जोडणें म्हणजे जेवण झाल्यावर पुन्हां पान वाढण्यासारखें आहे.

दुसरें काम संमतीचें. "फोटो काढूं का?" असें विचारून मिळालेला होकार हा फोटो काढण्यापुरता असतो. त्या फोटोवर शंभर माणसें विनोद करणार आहेत, ही गोष्ट वेगळी सांगावी लागते व तिचा होकार वेगळा घ्यावा लागतो. यात्रेंत डोक्यावर बोचकें घेऊन चाललेली बाई किंवा कोयता हातीं घेऊन ट्रॅक्टरवर बसलेला मजूर, हीं माणसें चित्र म्हणून उत्तम असतील. पण त्यांच्या कष्टांवर इतरांनीं कोटी करावी काय, याचें उत्तर त्यांनींच द्यावयाचें आहे. लहान मुलांच्या बाबतींत आईबापांची संमति घ्यावी. जेथें विचारणें शक्य नसेल तेथें पशुपक्षी, वस्तु, रस्ते, झाडें, पाठमोरी गर्दी यांचीं चित्रें निवडावीं. त्यांनीं विनोद मुळींच कमी होत नाहीं.

तिसरें काम ओळी स्वीकारण्याच्या पद्धतीचें. ओळी समूहावर उघड न मागवितां एका संयोजकाकडे खासगी पाठविण्यास सांगावें. पहिली उघड ओळ पुढच्या सर्व ओळींना आपल्या मागें ओढीत नेते; ती चावरी असली तर पुढच्या अधिक चावऱ्या होतात. ओळीची मर्यादा बारा शब्दांची असावी, एका व्यक्तीस दोन ओळींची मुभा असावी, आणि मुदत आठ दिवसांची असावी. म्हणजे कारखान्यावर असलेल्या माणसालाहि सवड मिळते. मुदत संपल्यावर संयोजकानें नांवें काढून टाकावीं, प्रत्येक ओळीस क्रमांक द्यावा, आणि मग ती यादी परीक्षकांकडे सोपवावी. दोघांनीं तीच ओळ पाठविली असल्यास आधीं आलेली ग्राह्य धरावी व हा नियम आरंभींच सांगून ठेवावा. संयोजकाच्या घरच्यांनीं खुशाल लिहावें, बक्षिसास मात्र पात्र होऊं नये.

परीक्षकांस तीन प्रश्न पुरेसे आहेत. ही ओळ दुसऱ्या एखाद्या चित्राखालीं तशीच बसेल काय? बसत असेल तर ती या चित्राची नव्हे. चित्रांत जें दिसतें आहे तेंच ही ओळ पुन्हां सांगते काय? सांगत असेल तर ती वायफळ आहे. आणि तिसरा, सर्वांत महत्त्वाचा : चित्रांतील माणसासमोर ही ओळ मोठ्यानें वाचतां येईल काय? ज्या ओळींना या तिन्ही कसोट्या लागू पडतात अशा पांच ओळी निवडून त्या मतदानास ठेवाव्यात. तिसऱ्या प्रश्नावर बाद झालेल्या ओळी प्रसिद्धच करूं नयेत. 'बाद झालेल्या गमतीदार ओळी' म्हणून मागाहून छापल्या तर सारें मुसळ केरांत जातें.

चित्रसंपादनाची गोष्ट थोडी अधिक नाजूक आहे. छायाचित्रांत फेरफार करण्याची कला संगणकाबरोबर आली असा पुष्कळांचा समज आहे. वास्तविक १८५७ सालींच ऑस्कर रेजलँडर या छायाचित्रकारानें सुमारें तीस निरनिराळ्या काचा जोडून एकच भव्य चित्र सिद्ध केलें होतें. १९९० सालीं 'फोटोशॉप' बाजारांत आलें आणि अंधाऱ्या खोलींतलें हें काम टेबलावर आलें. मोबाइलनें तें तळहातावर आणलें. त्यापूर्वीं १९८२ सालीं 'नॅशनल जिऑग्राफिक' या विख्यात मासिकानें मुखपृष्ठाच्या उभ्या चौकटींत बसावेत म्हणून ईजिप्तचे पिरामिड एकमेकांच्या जवळ सरकविले आणि त्याबद्दल त्याच्यावर बरीच टीका झाली. रेजलँडरनें आपलें चित्र रचलेलें आहे हें लपविलें नव्हतें. मासिकाच्या वाचकांना मात्र पिरामिड सरकल्याचें कोणी सांगितलें नव्हतें. फेरफार करणें हा दोष नसून तो न सांगणें हा दोष आहे, हें या दोन उदाहरणांवरून ध्यानांत येईल.

कृत्रिम बुद्धिमत्तेनें हा प्रश्न आणखी तीव्र केला आहे. २०२३ सालीं बोरिस एल्डागसेन या जर्मन कलावंताच्या चित्रास सोनीच्या जागतिक छायाचित्र-स्पर्धेंत एका विभागाचें पारितोषिक जाहीर झालें आणि त्यानें तें नाकारलें; कारण तें चित्र कॅमेऱ्यानें काढलेलेंच नव्हतें, यंत्राकडून करवून घेतलेलें होतें. पुढच्याच वर्षीं याच्या उलट प्रकार घडला. माइल्स ॲस्ट्रे यानें रोहित पक्ष्याचें खरेंखुरें छायाचित्र दुसऱ्या एका स्पर्धेंत यंत्रनिर्मित चित्रांच्या विभागांत पाठविलें; त्यास तेथें बक्षीस मिळालें, आणि तें खरें आहे असें कळतांच बाद झालें. एकदां खोटें खऱ्यांत खपलें, एकदां खरें खोट्यांत खपलें. जेथें नामांकित परीक्षकांचे डोळे फसले तेथें तालुक्याच्या परीक्षकांनीं केवळ डोळ्यांवर विसंबूं नये.

यावर उपाय साधा आहे. प्रत्येक स्पर्धकानें तीन गोष्टी पाठवाव्यात : मूळ छायाचित्र, संपादित चित्र, आणि काय बदललें याची दोन-तीन वाक्यांची प्रामाणिक नोंद. व्हॉट्सॲपवर नेहमीच्या रीतीनें पाठविलेलें चित्र आकसतें व त्याच्या पोटांत लपलेली माहितीहि नाहींशी होते. म्हणून तें 'डॉक्युमेंट' म्हणून किंवा ई-मेलनें मागवावें. त्या माहितींत चित्र केव्हां घेतलें याबरोबर कधीं कधीं तें नेमक्या कोणत्या ठिकाणीं घेतलें याचीहि नोंद असते. परीक्षकाला ती उपयोगी, पण जगाला एखाद्याच्या घराचा ठावठिकाणा कळणें बरें नव्हे. म्हणून प्रसिद्ध करण्यापूर्वीं ती काढून टाकावी. विभाग तीन करावेत : केवळ कातरणें व उजेड सुधारणें हा पहिला, चित्रें जोडून कल्पनाचित्र करणें हा दुसरा, कृत्रिम बुद्धिमत्तेचें साहाय्य घेतलेलीं चित्रें हा तिसरा. दुसऱ्या व तिसऱ्या विभागांतील प्रत्येक चित्रावर 'कल्पनाचित्र' हा शब्द स्पष्ट छापावा. कारण चित्र समूहाबाहेर गेलें कीं त्याच्यामागचा खुलासा मागेंच राहतो. मंदिराच्या पायरीवर वाघ बसविणें स्पर्धेंत गंमत ठरते. तेंच चित्र आठ दिवसांनीं दुसऱ्या गांवीं बातमी होतें आणि लोक दिवेलागणीस दारें लावून घेतात.

संपादनाचा सर्वांत उपयुक्त प्रकार म्हणजे जुन्या छायाचित्रांची डागडुजी. पाथर्डीच्या कित्येक घरांत ट्रंकेच्या तळाशीं वाळवी लागलेले, घडी पडून फाटलेले, डाग पडलेले फोटो असतील. स्पर्धेच्या निमित्तानें ते बाहेर निघाले तर तालुक्याचा इतिहासच उजेडांत येईल. मात्र येथें एक धोका आहे. डाग पुसणें निराळें आणि चेहरा भरून काढणें निराळें. फाटलेल्या जागीं डोळा किंवा ओठ गेला असेल तर यंत्र तो अंदाजानें भरतें, आणि तें काम इतकें सफाईनें करतें कीं संशयहि येत नाहीं. घरच्यांना वाटतें, आजोबा परत मिळाले. मिळालेले असतात ते दुसऱ्याच कोणाचे आजोबा! म्हणून आधीं मूळ फोटोची जशीच्या तशी प्रत करून ठेवावी, आणि डागडुजीच्या स्पर्धेंत चेहऱ्याचा नष्ट झालेला भाग रिकामा ठेवण्यास अधिक गुण द्यावेत.

कायद्याच्या बाजूनें दोन गोष्टी माहीत असाव्यात. १९५७ च्या स्वामित्वहक्काच्या कायद्याप्रमाणें छायाचित्राचा पहिला हक्क सामान्यतः तें काढणाराचा असतो. परंतु पैसे देऊन काढवून घेतलेल्या छायाचित्राचा हक्क, निराळा करार नसल्यास, काढवून घेणाराकडे जातो. तेव्हां 'समूहावर सांपडलें' म्हणून कोणाचेंहि चित्र स्पर्धेस घेऊं नये. दुसरी गोष्ट प्रवेशशुल्काची. एके काळीं नियतकालिकांतून शब्दकोड्यांच्या बक्षिसांचें मोठें पेंव फुटलें होतें. १९५५ सालीं अशा स्पर्धांवर निर्बंध घालणारा केंद्रीय कायदा झाला, आणि १९५७ सालीं सर्वोच्च न्यायालयानें त्याचा रोख जुगारी स्वरूपाच्या स्पर्धांवर आहे, कौशल्याच्या स्पर्धांवर नाहीं, असा निर्णय दिला. त्यांतून घ्यावयाचा बोध असा कीं शुल्क घेऊं नये, सोडत काढूं नये, आणि बक्षीस केवळ गुणावर द्यावें. एखादें पुस्तक किंवा चौकटींत बसविलेली विजयी चित्राची प्रत हें बक्षीस पुरेसें आहे.

निकाल लागल्यावर काम संपत नाहीं. प्रत्येक चित्राखालीं कोण, कोठें, केव्हां हें लिहून तीं एकत्र जतन करावीं. वर्षांतून एकदां शाळेंत किंवा वाचनालयांत त्यांच्या छापील प्रती मांडाव्यात. म्हणजे ज्यांच्या हातीं मोबाइल नाहीं त्यांनाहि तीं पाहतां येतील. आणि ज्याचें चित्र घेतलें त्याच्या घरीं पहिली प्रत पोंचती करावी.

आतां पुन्हां मढीच्या बाजारांत यावें. तोच वृद्ध, तोच दोर, तेंच गाढव. पण या वेळीं संयोजक आधीं त्याच्याकडे गेला आहे, स्पर्धा म्हणजे काय हें त्यानें समजावून सांगितलें आहे, आणि म्हाताऱ्यानें हसून मान डोलावली आहे. ओळी बंद पाकिटांत याव्या तशा आल्या आहेत. जनावराचे दांत पाहून वय ठरविणाऱ्या गिऱ्हाइकांच्या रीतीवरून कोणी एकानें गाढवाच्या तोंडीं शब्द घातले आहेत : "सगळे माझे दांतच मोजतात, कष्ट कोणी मोजीत नाहीं." ही ओळ त्या वृद्धासमोर मोठ्यानें वाचतां येते. ऊस तोडून परतलेल्या माणसासमोरहि वाचतां येते. समूहांतील दोनशें माणसें याहि वेळीं हसतील, आणि नातूहि हसेल.